काजळी कशी पेटते, कशी जळून संपते आणि ती वेळच्या वेळी कशी जाळावी

काजळी म्हणजे नीट न जळालेलं इंधन हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती स्वतःसुद्धा इंधनच आहे हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. १ किलो कार्बन पूर्ण जळाला तर साधारण ३३ मेगाज्यूल उष्णता निघते, म्हणजे चांगल्या दगडी कोळशापेक्षाही जास्त. त्यामुळे धुराड्यात, सायलेन्सरच्या फिल्टरमधे किंवा बॉयलरच्या नळ्यांवर जो काळा थर दिसतो ना, तो नुसता कचरा नाही, ते साठवलेलं जळण आहे. ते कधीतरी जळणारच किंवा तुम्हाला ते काढावंच लागणार. आपल्या हातात फक्त एवढंच असतं की ते थोडं थोडं, आपल्याला हवं तेव्हा जाळायचं की भरपूर साठू देऊन एके दिवशी एकदम भडकू द्यायचं. या लेखात मी हेच सांगणार आहे, आणि डिझेल फिल्टरवर, म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवर, जरा जास्त लिहिणार आहे कारण तिथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आधी काजळी बनते कशी ते थोडक्यात. ज्योतीच्या आतल्या भागात इंधन भरपूर आणि ऑक्सिजन कमी असतो, तिथे इंधनाचे रेणू तुटतात, त्यातून अ‍ॅसिटिलीनसारखे वायू आणि मग कार्बनच्या कड्यांचे मोठे रेणू तयार होतात आणि ते एकमेकांना चिकटून बारीक गोळे बनतात. एकेक गोळा साधारण २० ते ४० नॅनोमीटरचा, म्हणजे १ मिलीमीटर लांबीत असे ३० हजारांच्या आसपास सहज बसतील. मग हे गोळे साखळीसारखे जुळतात आणि तीच आपल्याला दिसणारी काळी काजळी. मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते ती याच तापून चमकणाऱ्या काजळीमुळे. म्हणजे न धुरणाऱ्या मेणबत्तीतही काजळी बनतेच, फक्त ती वर जाता जाता ज्योतीच्या बाहेरच्या कडेला, जिथे हवा मिळते तिथे, जळून संपते. वात फार लांब झाली की काजळी इतकी बनते की ज्योतीचं टोक थंड पडायला लागतं, आणि तिथलं तापमान साधारण १००० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उरलेली काजळी जळायची थांबते आणि काळा धूर सुटतो. वात कापायला सांगतात ती यासाठी. (मेणबत्ती विझवल्यावर जो पांढरा धूर येतो आणि काडी लावली की परत पेटतो तो मात्र मेणाच्या वाफेचा असतो, काजळीचा नाही, ही गल्लत खूप जण करतात.)

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. बारीक तारेची स्टीलची जाळी घ्या, गॅल्व्हनाइज्ड नको कारण जस्ताचा धूर वाईट असतो, आणि ती पक्कडीत धरून मेणबत्तीच्या पिवळ्या भागात आडवी धरा, काही सेकंदात ती काळी होईल. मग तीच जाळी गॅसच्या निळ्या ज्योतीच्या वरच्या टोकाशी न्या. जाळी लालसर व्हायला लागली की काळा थर कडेपासून आत आत नाहीसा होत जातो आणि खाली स्वच्छ तार दिसते. तिथे फडफडणारी ज्योत दिसत नाही, कारण काजळी लाकडासारखी जळत नाही, निखाऱ्यासारखी जळते, ऑक्सिजन थेट तिच्या पृष्ठभागाला भिडतो आणि कार्बन वायू होऊन निघून जातो. जाड चमच्यावर हाच प्रयोग केला तर खूप वेळ लागतो किंवा होतच नाही, कारण जाड धातू उष्णता ओढून घेतो आणि काजळी हव्या त्या तापमानाला पोचतच नाही. खिडकी उघडी ठेवा, आजूबाजूला पेटणारं काही ठेवू नका, आणि जाळी लगेच हातात धरू नका.

आता मुख्य मुद्दा. काजळी किती अंशांना पेटते असं कोणी विचारलं तर एकच आकडा सांगणारा माणूस अर्धंच सांगतोय. तापमान, ऑक्सिजन आणि वेळ ही तिन्ही एकत्र बघावी लागतात. ज्योतीत काजळीला जळायला सेकंदाचा काही हजारावा भागच मिळतो म्हणून तिथे १००० अंशांच्या वर लागतात, शिवाय तिथे ओएच रॅडिकल (ज्योतीत बनणारा, ऑक्सिजन-हायड्रोजनचा फार चपळ तुकडा) मदतीला असतो. फिल्टरमधे काजळी बसून राहते, तिला १०-२० मिनिटं मिळतात, म्हणून तिथे ५५० ते ६५० अंशांत काम होतं. आणि या टप्प्यात तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढलं की जळण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ५०० अंशांना तुम्ही तास घालवाल आणि फारसं काही होणार नाही, तेच ६२० ला नेलं की भराभर साफ. हा एकच हिशोब लक्षात ठेवला तरी पुढचं बरंच काही आपोआप समजतं, उलट बाजूही समजते, की जळताना निघालेली उष्णता बाहेर गेली नाही तर तापमान वाढतं, त्याने वेग वाढतो, त्याने अजून उष्णता, आणि मग प्रकार हाताबाहेर जातो.

यात दोन गोष्टी आकडे खाली आणतात. एक म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तो काजळीला २५० ते ४५० अंशांतच खायला लागतो, हळूहळू का होईना. दुसरी म्हणजे तेल. तेलकट, न जळालेल्या इंधनाने भिजलेली काजळी कोरड्या काजळीपेक्षा खूप लवकर पेटते. जहाजांच्या एक्झॉस्ट बॉयलरमधे (इंजिनाच्या गरम धुरावर चालणाऱ्या बॉयलरमधे) कोरडी काजळी साधारण ३०० ते ४०० अंशांना पेट घेते असं धरतात पण तेलकट असेल तर १५० च्या आसपासही. म्हणून कुठेही काजळी चिकट, ओलसर, चकचकीत दिसली तर ती धोक्याची समजा, भुरभुरीत मऊ काजळी त्यामानाने बरी.

डिझेल फिल्टर म्हणजे डीपीएफ

डीपीएफ ही सिरॅमिकची वीट असते, कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची, तिच्यात शेकडो बारीक बोगदे आणि एक आड एक बोगद्याचं तोंड बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पुढे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. प्यूजो ६०७ या गाडीत २००० साली हे कारखान्यातून बसवून आलं, तेव्हा डिझेलमधे सीरियमचं अ‍ॅडिटिव्ह मिसळून काजळी कमी तापमानाला जाळायची युक्ती होती. आता बहुतेक गाड्यांत फिल्टरच्या आधी एक ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (धुरातले वायू आणि न जळालेलं इंधन जाळायला मदत करणारा भाग) असतो आणि काम दोन पद्धतींनी होतं.

पहिली पद्धत पॅसिव्ह. गाडी हायवेला एका लयीत, थोड्या लोडवर चालली की एक्झॉस्ट गरम होतो, कॅटॅलिस्ट नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो आणि काजळी तुमच्या नकळत जळत राहते. दुसरी अ‍ॅक्टिव्ह. शहरात एक्झॉस्ट १५०-२५० अंशांच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे काजळी साठते, मग फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक आणि स्वतःचा हिशोब बघून कॉम्प्युटर ठरवतो की आता रीजन (रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ करणं) करायचं, आणि इंजेक्टरमधून उशिरा जास्तीचं डिझेल सोडतो. ते सिलेंडरमधे नीट जळत नाही, कॅटॅलिस्टवर जाऊन जळतं आणि धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो.

रीजन चालू आहे हे ओळखायला शिका, कारण बऱ्याच गाड्या ते सांगतच नाहीत. आयडलिंगचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढा असतो, रेडिएटरचा फॅन विनाकारण जोरात फिरतो, तात्पुरतं मायलेज एकदम पडतं, गरम धातूसारखा वास येतो आणि स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. असं दिसलं तर घर जवळ आलं तरी शक्य असेल तर अजून १०-१५ मिनिटं चालवा, गिअर एक खाली ठेवून आरपीएम जरा वर ठेवा. मॅन्युअलमधे वेग आणि वेळ दिलेली असते ती पाळा, ती पानं बहुतेक जण कधी उघडत नाहीत आणि नंतर फिल्टरचं बिल बघून कपाळाला हात लावतात.

रीजन अर्धवट सोडू नका असं का म्हणतात तर दोन कारणं. एक, जास्तीचं सोडलेलं डिझेल थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून इंजिन ऑइलमधे जातं, दर वेळी अर्धवट राहिलं की परत परत सुरू होतं आणि ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे, ऑइल बदला. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फिल्टर काजळीने भरलेला, आतमधे नुकतीच पेटलेली, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही हायवेवरून उतरून सिग्नलला थांबलात. इंजिन आयडलला आलं की धुरातला ऑक्सिजन वाढतो कारण इंधन कमी जळतंय, पण धुराचा प्रवाह कमी होतो त्यामुळे उष्णता वाहून न्यायला कोणी नाही. भात्याने निखारे फुलवावेत तसं आतलं तापमान चढतं, १००० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि सिरॅमिकला तडे जातात किंवा ते वितळतं. कॉर्डिएराइट साधारण १४५० अंशांना वितळतं पण तडे त्याच्या बरेच आधी जातात कारण मधला भाग आणि कड यांच्या तापमानात फार फरक पडतो. म्हणून कॉर्डिएराइटमधे काजळी प्रति लिटर साधारण ५-६ ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत, सिलिकॉन कार्बाइड ८-१० ग्रॅमपर्यंत सोसतं. बघा, म्हणजे सगळा खेळ साठ्याचा आहे. थोडी काजळी असताना आयडलला आलात तर काहीच होत नाही.

पिवळा दिवा लागला की लगेच मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा, उद्या बघू असं नको. लाल लागला किंवा गाडीने पॉवर तोडली असेल तर मात्र आता हायवेला पळवून साफ करतो हा उद्योग करू नका, कारण आत साठा जास्त झालाय आणि आता ती पेटली तर वर सांगितलं तसंच होणार. स्कॅनर लावून आतली काजळी किती दाखवतंय ते बघू द्या, मग गॅरेजवाला ठरवेल की फोर्स्ड रीजन, म्हणजे स्कॅनरने मुद्दाम सुरू केलेलं रीजन, चालेल की फिल्टर काढून धुवावा लागेल. फोर्स्ड रीजन बंद जागेत करू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि सुक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर तर कधीच नाही, सायलेन्सरच्या खालचं गवत पेटू शकतं. साध्या रीजनच्या वेळीही गाडी तिथे लावू नका.

अजून एक गोष्ट, काजळी जळते पण राख जळत नाही. इंजिन ऑइलमधे कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम, फॉस्फरसची रसायनं असतात, ऑइल थोडं थोडं जळतं आणि त्याची राख फिल्टरमधे कायमची बसते. कितीही रीजन केलंत तरी ती जाणार नाही, ती फिल्टर काढूनच झटकावी किंवा धुवावी लागते. म्हणून कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं, लो-सॅप्स ऑइलच घाला, इथे थोडे पैसे वाचवणं फार महागात जातं. आणि रीजन वारंवार, दर थोड्या अंतराने होत असेल तर फिल्टरला दोष देऊ नका, मुळात काजळी जास्त का बनतेय ते शोधा. इंजेक्टर ठिबकतोय का, टर्बोतून ऑइल येतंय का, एअर फिल्टर तुंबलाय का, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) अडकलाय का, इंटरकूलरचा पाइप फाटलाय का. फिल्टर पोखरून काढून टाकायचा सल्ला देणारेही भेटतील. कृपा करून तसं करू नका, ती सगळी काजळी मग तुमच्या मागे चालणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात जाते.

पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच की स्पार्क प्लगचं टोकही असंच स्वतःला साफ करतं. टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर राहिलं की त्यावरचा कार्बन जळून जातो, ८५०-९०० च्या पुढे गेलं तर प्लगच मिश्रण आधी पेटवायला लागतो. सारख्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे प्लग काळे होतात ते यामुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे इंजिन नीट तापेल एवढं चालवणं आणि हीट रेंज (प्लग किती उष्णता धरतो किंवा सोडतो) बरोबर असलेला प्लग लावणं.

लाकडाच्या शेगडीचं धुराडं

इथे मात्र नियम उलटा आहे. डीपीएफमधे काजळी जाळायची, धुराड्यात ती झाडून काढायची, जाळायची नाही. कारण इथे तापमान धरून ठेवणारा कोणी नाही आणि काजळीबरोबर डांबरासारखं क्रिओसोट असतं. ओलं लाकूड जाळलं की पाणी उडवण्यातच उष्णता जाते, धूर थंड आणि न जळालेल्या वाफांनी भरलेला असतो, आणि नळीची भिंत साधारण १२० अंशांच्या खाली असली की त्या वाफा भिंतीवर जमतात. आधी भुरभुरीत, मग पापुद्रे, मग काचेसारखा काळा चकचकीत थर. हा शेवटचा थर सगळ्यात वाईट, ब्रशने निघतही नाही आणि पेटला तर धुराड्यात १००० अंशांच्या वर आग जाते.

तेव्हा लाकूड नीट वाळवा, ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, मीटर स्वस्त मिळतो, लाकूड फोडून ताज्या बाजूला टोचून बघा. आग छोटी पण जिवंत ठेवा, रात्रभर टिकावी म्हणून हवा कोंडून धुमसत ठेवणं हे क्रिओसोटचा कारखाना चालवण्यासारखं आहे. वर्षातून एकदा तपासून घ्या आणि थर ३ मिलीमीटर झाला की ब्रश मारा. जर्मनी, ऑस्ट्रियात कडक थर मुद्दाम जाळून काढतात पण ते काम प्रशिक्षित चिमणीवाले करतात, धुराडं आधी तपासून आणि पूर्ण वेळ पहारा ठेवून. घरच्या घरी हे कोणी करू नये, अगदी अजिबात नाही.

धुराडं पेटलं तर आवाज येतो, आगगाडी जवळून गेल्यासारखी घरघर, वरून ठिणग्या, कधी नळी लाल. लगेच शेगडीचं दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा. नळीत पाणी ओतू नका, तापलेली नळी किंवा वीट एकदम थंड झाली की फुटते आणि आग भिंतीत शिरते. आणि विझल्यावर सगळं ठीक दिसतंय म्हणून दुसऱ्या दिवशी परत पेटवू नका, आतलं अस्तर तडकलेलं असू शकतं, आधी तपासणी.

बॉयलर आणि जहाजाचे एक्झॉस्ट बॉयलर चालवणाऱ्यांना हे माहीत असेलच, तरी. चिमणीचं तापमान रोज लिहून ठेवा, लोड तोच असताना ते चढत गेलं तर नळ्यांवर काजळी बसतेय, आणि ढोबळमानाने दर २२ अंशांमागे १ टक्का कार्यक्षमता जाते. सूट ब्लोअर, म्हणजे वाफेच्या किंवा हवेच्या झोताने नळ्यांवरची काजळी उडवणारं यंत्र, नियमित मारा. जहाजावर इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा सर्क्युलेशन पंप चालूच ठेवा, कारण काजळी तेव्हाच धुमसायला लागते, धूर वाहायचा थांबलेला असतो पण उष्णता आत असते. आत आग असल्याची शंका आली तर बघायला म्हणून दार उघडू नका, हवा मिळेल आणि भडकेल, आणि ती आग विझवायला सूट ब्लोअर तर मुळीच मारू नका. तापमान १००० च्या पुढे गेलं तर वाफ आणि तापलेलं लोखंड यांतून हायड्रोजन निघतो आणि नळ्यांचं लोखंडच जळायला लागतं, मग ती काजळीची आग राहत नाही.

काजळी काढताना स्वतःला जपा. १७७५ मधे पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने चिमणी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर काजळीशी जोडला होता, आणि २०१२ मधे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. म्हणून चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि काम झालं की साबणाने आंघोळ. कोरडी झाडू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने तर उडवूच नका, ओल्या फडक्याने पुसा किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा, पण साधा घरचा व्हॅक्यूम नको, काजळी त्याच्या फिल्टरमधून आरपार येते आणि आत एखादा निखारा गेला तर पिशवीच पेटते. काढलेली काजळी झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, प्लास्टिकच्या बादलीत नाही, डबा घराबाहेर उघड्या जमिनीवर ठेवा आणि निदान दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, वरून थंड लागली तरी आत ठिणगी जिवंत असू शकते.